चिकपेटचे चार नांगर

बंगळूरच्या जुन्या पेटेत चिकपेटचा आडवा रस्ता आणि दोड्डपेटचा उभा रस्ता एकमेकांना छेदतात, तो चौक म्हणजे शहराचा जन्मबिंदू असं मानतात. दोड्डपेटला आता ॲव्हेन्यू रोड म्हणतात. आख्यायिका अशी, की १५३७ च्या सुमाराला केंपेगौडानं इथे पांढऱ्या बैलांच्या चार जोड्या उभ्या केल्या, प्रत्येक जोडीला नांगर जुंपला आणि त्यांना चार दिशांना सोडलं. नांगरांनी जी तासं ओढली, त्यांचे पेटेचे रस्ते झाले. पुढे शंभर वर्षांनी शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर आली. त्यामुळे इथल्या गर्दीत कानावर मराठी पडली तर दचकायचं कारण नाही.

त्या चौकात उभं राहिलं की मला इतिहासाऐवजी भलतंच सुचतं. समजा, त्या चार जोड्या चार नांगरांना न जुंपता मधल्या एकाच खांबाला बांधल्या असत्या, तर? बैल सारखेच तगडे असते, तर दोर तटतटले असते, बैलांच्या तोंडाला फेस आला असता, आणि खांब मात्र जागचा हलला नसता. आता पूर्वेकडची जोडी सोडून द्या. खांब मुकाट्यानं पश्चिमेला झुकेल. म्हणजे एक जोडी कमी झाली आणि परिणाम शून्यावरून वाढला.

रेणूंचं द्विध्रुव परिबल ही राशी समजायला एवढी कल्पना पुरते. काही पुस्तकं त्याला द्विध्रुव आघूर्ण म्हणतात. दोन्ही शब्दांनी अकरावीच्या मुलांना सारखाच घाम फुटतो. पण ही राशी मला नीट कळली ती वर्गात नाही, चिकपेटच्या एका साडीच्या दुकानात, गादीवर मांडी घालून बसल्यावर.

निपाणीची मावशी लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आली होती. सोबत पिशवीत तिची स्वतःची जुनी रेशमी साडीही होती. पुरणपोळीवर वाढलेलं तूप पदरावर सांडलं होतं. घरी तिनं गार पाण्यानं पुसून पाहिलं. डाग तसाच राहिला, वर भोवती पाण्याची एक कडा उमटली. दुकानातल्या वयस्क गृहस्थांनी पदर उजेडाकडे धरला आणि कानडी वळणाच्या मराठीत सांगितलं, “पाणी लावायचं नाही मावशी. पेट्रोल वॉशला द्या.” मावशीनं माझ्याकडे पाहिलं. “पाण्यानं जात नाही ते पेट्रोलनं कसं जातं रे? तू शिकलायस ना केमिस्ट्री?”

शिकलो होतो. उत्तर सुरू कुठून करायचं, ते मात्र शिकलो नव्हतो.

सुरुवात दोन अणूंच्या रस्सीखेचीपासून करायला हवी. दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात तेव्हा त्यांच्यात सहसंयुज बंध तयार होतो. वाटणी मात्र क्वचितच समसमान असते. हायड्रोजन क्लोराइडमध्ये क्लोरीन जोडी आपल्याकडे जरा जास्त ओढतो. अणूच्या या ओढण्याच्या हव्यासाला विद्युतऋणता म्हणतात, आणि लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये तिची मोजपट्टी तयार केली. फ्लोरिन ३.९८ वर सगळ्यांत वर, ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०. क्लोरीनकडचं टोक किंचित ऋण होतं, हायड्रोजनकडचं तेवढंच धन. एकूण प्रभार शून्यच राहतो, पण रेणूला आता दोन टोकं आली, पुढचं आणि मागचं. या दोन टोकांवरचा प्रभार गुणिले त्यांच्यातलं अंतर, म्हणजे द्विध्रुव परिबल. त्याला दिशा असते, म्हणून ते बाणानं दाखवतात. बाणाच्या टोकावरूनही भावकीचं भांडण आहे: रसायनवाले तो धनाकडून ऋणाकडे काढतात, भौतिकवाले ऋणाकडून धनाकडे. परीक्षेत कुठला पेपर आहे ते पाहून काढावा.

एकक आहे डिबाय. एका इलेक्ट्रॉनएवढे धन आणि ऋण प्रभार एक अँगस्ट्रॉम, म्हणजे सेंटीमीटरच्या दहा कोटीव्या भागाइतक्या अंतरावर ठेवले, तर परिबल ४.८ डिबाय होतं. हायड्रोजन क्लोराइडमध्ये दोन अणूंतलं अंतर १.२७ अँगस्ट्रॉम आहे. क्लोरीननं इलेक्ट्रॉन पुरता लाटला असता तर परिबल सुमारे ६.१ भरायला हवं होतं. प्रत्यक्षात भरतं १.०८. म्हणजे क्लोरीननं वाट्यापेक्षा जास्त घेतलं ते सुमारे १८ टक्क्यांनी. डोळ्याला कधीच न दिसणाऱ्या बंधातली ही लबाडी मोजपट्टी लावून टक्केवारीत सांगता येते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

इथवर काही विशेष अवघड नाही. गंमत सुरू होते ती तीन किंवा जास्त अणू आले की, कारण मग बैलांच्या जोड्या एकापेक्षा जास्त होतात आणि त्या कुठल्या दिशांना बांधल्यात, हा प्रश्न येतो.

कार्बन डायऑक्साइड घ्या. मध्ये कार्बन, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन, तिघं एका सरळ रेषेत. दोन्ही ऑक्सिजन जोरात ओढतात, पण एक पूर्वेला आणि दुसरा पश्चिमेला. बेरीज शून्य. बंध ध्रुवीय, रेणू मात्र अध्रुवीय. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये चार क्लोरीन असतात. ते चिकपेटच्या चौकासारखे सपाट पसरलेले नसतात, तर चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर बसलेले असतात. तरी हिशेब तोच. तिघांची मिळून जी ओढ होते, ती चौथ्याच्या बरोबर उलट आणि तेवढीच. परिबल शून्य. आता एक क्लोरीन काढून तिथे हायड्रोजन बसवा, क्लोरोफॉर्म होतो: १.०४ डिबाय. दुसरा काढा: १.६०. तिसरा काढून एकच क्लोरीन उरू द्या: सुमारे १.९. ओढणारे चारावरून एकावर आले आणि परिबल शून्यावरून जवळजवळ दोनावर गेलं. चार भाऊ घरात असताना कुणाचंच चालत नाही. तिघं परगावी गेले की उरलेला कारभारी होतो, तसं काहीसं.

मावशीची साडी जिथे जाणार होती, तिथल्या यंत्रात हेच शून्य भरलेलं असतं. आपल्याकडे ‘पेट्रोल वॉश’ म्हणतात त्यात खनिज तेलापासून काढलेलं टर्पेंटाइनसारखं द्रावक असतं. त्यात कार्बन आणि हायड्रोजन सोडून दुसरं फारसं काही नसतं, आणि या दोघांच्या विद्युतऋणतेत फरक थोडाच. रस्सीखेचच मिळमिळीत. मोठ्या ड्रायक्लीनिंगच्या यंत्रांत बहुधा परक्लोरोइथिलीन असतं. त्याचा रेणू पाहण्यासारखा आहे: मध्ये दुहेरी बंधानं जोडलेले दोन कार्बन, चार कोपऱ्यांना चार क्लोरीन, सगळे एका सपाट पाटावर. हा मात्र खरोखर केंपेगौडाचा चौक. चार तगड्या जोड्या, चारी दिशांना ओढ, आणि परिबल शून्य.

शून्य म्हणजे निरुपद्रवी, असा अर्थ कुणी काढू नये. कार्बन टेट्राक्लोराइडही एके काळी कपडे धुवायला सर्रास वापरत. यकृताला ते घातक आहे हे कळल्यावर ते मागे पडलं. परक्लोरोइथिलीन कर्करोगाला कारण ठरू शकतं, म्हणून अमेरिकेनं २०२४ च्या डिसेंबरात ड्रायक्लीनिंगमधून ते टप्प्याटप्प्यानं हद्दपार करायचा नियम केला. धुवून आलेल्या साडीला वास येत असेल तर ती कपाटात ठेवण्याआधी दोरीवर मोकळी टाकावी, हे आपल्या बायकांना डिबाय न शिकताही माहीत असतं.

आता पाणी. पाण्याच्या रेणूत मध्ये ऑक्सिजन आणि दोन बाजूंना हायड्रोजन. कार्बन डायऑक्साइडसारखाच तिघांचा संसार, पण हा सरळ रेषेत बसत नाही. दोन बंधांमधला कोन १०४.५ अंशांचा आहे. ऑक्सिजनकडे बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या असतात. त्या जागा अडवतात आणि दोन्ही हायड्रोजनांना एका बाजूला रेटतात. प्रत्येक बंधाची ओढ सुमारे १.५ डिबाय धरा. कोनाच्या निम्म्याची, म्हणजे ५२.२५ अंशांची कोसाइन किंमत ०.६१२. दोन गुणिले १.५ गुणिले ०.६१२ बरोबर १.८४. मोजलेलं परिबल १.८५. पाकिटावर, बसच्या तिकिटामागे, कुठेही करता येईल असं गणित. आणि त्या सूत्रात कोन १८० अंश टाकला की उत्तर शून्य येतं. पाण्याचा रेणू सरळ असता तर त्याला पुढचं-मागचं काही उरलं नसतं.

वाकलेला असल्यामुळे पाण्याचा रेणू शेजाऱ्याला धरून असतो. एकाचा किंचित धन हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे वळतो, हायड्रोजन बंध जुळतो, आणि अशी साखळी सगळ्या बादलीभर पसरते. आवर्तसारणीत खालच्याच घरातला पाण्याचा भाऊ म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो पाण्याहून जड आहे, वाकलेलाही आहे, पण त्याचं परिबल ०.९७ डिबाय आणि हायड्रोजन बंध अगदीच लेचेपेचे. तो उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो. पाणी १०० अंशांना. या फरकाचं सगळं श्रेय परिबलाला देणं चूक ठरेल, हायड्रोजन बंधाचा त्यात मोठा वाटा आहे. पण दोन्हींची मुळं त्याच असमान वाटणीत आहेत.

आता मावशीच्या प्रश्नाकडे येता येतं. तूप म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लांबलचक शेपट्या. त्यांच्या एका टोकाला ऑक्सिजन आहेत, पण लांब शेपटीपुढे त्यांचं काही चालत नाही. आपण म्हणतो, पाणी आणि तूप एकमेकांना दूर लोटतात. तसं खरं तर कुणी कुणाला लोटत नाही. पाण्याच्या रेणूंनी एकमेकांचे हात धरलेले असतात आणि तुपाच्या शेपटीकडे त्यांना धरायला काहीच नसतं. तिच्यासाठी वाट करायची तर पाण्याला आपली मांडणी मोडून तिच्याभोवती नवी, अडचणीची मांडणी करावी लागते. तो खटाटोप परवडत नाही म्हणून तूप जिथल्या तिथे राहतं. पेट्रोल वॉशच्या द्रावकात अशी हातात हात घातलेली गर्दीच नसते. रेणू एकमेकांना ज्या क्षीण, क्षणोक्षणी बदलणाऱ्या ओढीनं धरून असतात, तीच ओढ तुपाच्या शेपटीलाही मिळते. तूप सहज मिसळतं आणि निघून जातं.

“म्हणजे साबणानं गेलं असतं की,” मावशी म्हणाली. गेलं असतं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याचं, दुसरं तुपाचं. अडचण तुपाची नव्हती, रेशमाची होती.

रेशीम म्हणजे प्रथिन, अमिनो आम्लांची माळ. माळेतला प्रत्येक दुवा म्हणजे पेप्टाइड बंध, आणि त्या प्रत्येकाचं परिबल सुमारे ३.५ डिबाय आहे. पाण्याच्या जवळपास दुप्पट! असे असंख्य बाण एका धाग्यात कोंबलेले असताना रेशीम इतकं शांत, इतकं तुळतुळीत कसं राहतं? उत्तर मांडणीत आहे. रेशमाच्या स्फटिकासारख्या भागात शेजारशेजारच्या माळा उलटसुलट दिशांना धावतात. एकीचं तोंड काठाकडे तर दुसरीचं पदराकडे म्हणा. एकाच माळेतही दुव्यांचे बाण आळीपाळीनं डावी-उजवीकडे वळलेले असतात. शेजारचे बाण एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरतात आणि बेरजेत एकमेकांना पुसून टाकतात. लोकरीच्या प्रथिनात नेमकं उलटं: तिथली माळ जिन्यासारखी गुंडाळलेली असते आणि सगळे बाण जिन्याच्या एकाच दिशेला पाहतात, त्यामुळे त्यांची बेरीज होत जाते. दोन्ही धाग्यांत दुवा तोच असतो, बाणांची रांग मात्र वेगळी लागलेली असते.

रेशमाचे सगळे भाग असे शिस्तीचे नसतात. मधेमधे सैल, गुंता झालेले भाग असतात आणि पाणी तिथे शिरतं. साध्या दमट हवेतसुद्धा रेशीम आपल्या वजनाच्या साधारण ११ टक्के पाणी धरून ठेवतं. पाण्याचा रेणू आत जाऊन माळांनी एकमेकींना धरलेले हात सोडवतो आणि आपल्या हातात घेतो. म्हणून भिजलेलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं, सुकताना आकसतं, रंगाचे कण घेऊन पाणी कडेकडे सरकतं आणि सुकल्यावर मावशीच्या पदरावर उमटली तशी कडा सोडून जातं. शून्य परिबलाचं द्रावक या भानगडीत पडत नाही. रेशमातल्या बाणांना देण्याघेण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं. तुपाला भेटून ते परत जातं.

एवढं झाल्यावर गादीवरच्या गृहस्थांनी कपाटात ठेवायच्या गोळ्यांचा विषय काढला. डांबर गोळ्या जरीला थेट लावून ठेवू नका, फडक्यात बांधून ठेवा, असं त्यांचं म्हणणं. बाजारात मिळणाऱ्या या गोळ्या नॅप्थलिनच्या असतात किंवा पॅराडायक्लोरोबेंझिनच्या, आणि दोन्हींचं परिबल शून्य. दुसरीची गोष्ट विशेष आहे. बेंझिनच्या षटकोनी कड्यावर दोन क्लोरीन बसवायचे तर तीन प्रकारे बसवता येतात. शेजारी-शेजारी बसवले तर परिबल २.५ डिबाय, एक घर सोडून बसवले तर सुमारे १.७, समोरासमोर बसवले तर शून्य. नेमका हा समोरासमोरचा गोळीत असतो. इथे कुणी हुशार विद्यार्थी म्हणेल, परिबल शून्य म्हणजे रेणूंची एकमेकांवरची पकड कमी, म्हणजे हा सगळ्यांत आधी वितळायला हवा. प्रत्यक्षात उलटंच आहे. शेजारी-शेजारीवाला उणे १७ अंशांनाच वितळतो, एक घर सोडूनवाला उणे २५ ला, आणि शून्य परिबलाचा हा पठ्ठ्या ५३ अंशांपर्यंत घट्ट. कारण तो सुबक, समतोल आहे. स्फटिकात फरशीसारखा नीट बसतो. द्विध्रुव परिबल हे सगळ्या कुलपांची किल्ली नाही, आणि तसं शिकवणाऱ्या मार्गदर्शकांपासून सावध राहावं.

अपवाद आणखीही आहेत आणि मला ते नियमांपेक्षा आवडतात. अमोनियाचं परिबल १.४७ डिबाय. हायड्रोजनांच्या जागी अतिलोभी फ्लोरिन बसवले तर ते वाढावं, असं कुणालाही वाटेल. ते घसरून ०.२३ वर येतं. नायट्रोजनच्या डोक्यावर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. अमोनियात तिचा बाण आणि बंधांचे बाण एकाच बाजूला असतात, फ्लोरिन आले की बंधांचे बाण उलटतात आणि दोन्ही एकमेकांना खातात. कार्बन मोनॉक्साइडमध्ये तर विद्युतऋणता सपशेल तोंडावर पडते. परिबल जेमतेम ०.११ डिबाय, आणि ऋण टोक ऑक्सिजनकडे नाही, कार्बनकडे.

हे सगळे आकडे आले कुठून? रेणू काही तागडीत घालता येत नाही. पीटर डिबाय हा मूळचा नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचा. १९११ मध्ये झुरिक विद्यापीठात आइन्स्टाइनची रिकामी झालेली खुर्ची त्याला मिळाली, आणि १९१२ मध्ये त्यानं ही युक्ती मांडली. धातूच्या दोन पट्ट्या समोरासमोर ठेवायच्या, मध्ये तपासायचा पदार्थ भरायचा आणि विजेचा दाब द्यायचा. पदार्थ किती प्रभार साठवू देतो, त्यावरून त्याचा परावैद्युतांक कळतो. पाण्याचा येतो ८० च्या आसपास, तेलांचा दोन-तीन. विजेच्या क्षेत्रात दोन गोष्टी घडतात. प्रत्येक रेणूचा इलेक्ट्रॉनांचा ढग जरासा सरकतो, मग तो रेणू ध्रुवीय असो वा नसो. आणि ज्यांना मुळातच दोन टोकं आहेत ते रेणू होकायंत्राच्या सुईसारखे वळू पाहतात. दोन्हींचे परिणाम एकत्र मोजले जातात. मग वेगळे कसे करायचे?

तापवून. दिवाळीच्या आधीच्या रविवारी चिकपेटमध्ये उभं राहून एकाच दुकानाच्या पाटीकडे तोंड ठेवायचा प्रयत्न करा. धक्के जितके जास्त, तितकं तोंड भलतीकडे. तापमान वाढलं की रेणूंना असेच धक्के बसतात आणि वळून राहणं त्यांना जमत नाही. ढग सरकण्याला मात्र धक्क्यांची पर्वा नसते, तो रेणूच्या आतला मामला. म्हणून वेगवेगळ्या तापमानांना मोजायचं. जो भाग तापवल्यावर घटतो तो खऱ्या, कायमच्या द्विध्रुवांचा, जो तसाच राहतो तो ढगाचा. कार्बन डायऑक्साइड तापवला तरी घट दिसत नाही, म्हणजे तो सरळ. पाण्याच्या वाफेत दिसते, म्हणजे पाण्याचा रेणू वाकलेला. रेणूचा आकार न पाहता, नुसत्या पट्ट्या आणि शेगडी घेऊन सांगता येतो! डिबायला १९३६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

साडी धुवायला दिली आणि आम्ही जेवायला बाहेर पडलो. चिकपेटपासून चालत थोड्या अंतरावर सदर पात्रप्पा रोड आहे, ज्याला सगळे एसपी रोड म्हणतात. तिथे रेशीम संपतं आणि तारा, चकत्या, संगणकाचे सुटे भाग सुरू होतात. टोपल्यांत भाजी मांडावी तसे लहान लहान पडदे मांडलेले असतात: घड्याळांचे, वजनकाट्यांचे, मीटरचे. यांतले बरेचसे द्रवस्फटिकाचे, आणि द्विध्रुवाची बंगळूरमधली सगळ्यांत चांगली गोष्ट यांच्याच पोटात आहे.

द्रवस्फटिक वाहतो द्रवासारखा, पण त्याचे लांबोडके रेणू साधारण एका दिशेला तोंड करून असतात, ओढ्यात वाहणाऱ्या काड्यांसारखे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायनोबायफिनाइल नावाची कुळी बनवली. तिच्यातला एक प्रसिद्ध पदार्थ सुमारे २४ ते ३५ अंश सेल्सिअसला द्रवस्फटिक असतो, म्हणजे चिकपेटमधल्या दुपारीही. त्याच्या रेणूच्या टोकाला कार्बन-नायट्रोजनचा तिहेरी बंध असतो आणि परिबल चार-पाच डिबाय, रेणूच्या लांबीच्या दिशेनं. एवढा जोरकस बाण असेल तर असे रेणू सगळे एकाच बाजूला तोंड करून उभे राहत असतील, असं वाटणं साहजिक आहे.

भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९४८ मध्ये बंगळूरला रामन रिसर्च इन्स्टिट्यूट काढली. ते १९७० मध्ये गेले. पुढच्याच वर्षी त्यांचे भाचे शिवरामकृष्ण चंद्रशेखर म्हैसूरहून तिथे आले आणि द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभी राहिली. (ताऱ्यांचे चंद्रशेखर ते वेगळे. ते रामन यांचे पुतणे, त्यामुळे गोंधळ होतोच.) १९७३ मध्ये एन. व्ही. मधुसूदन आणि चंद्रशेखर यांनी दाखवलं की हे जोरकस द्विध्रुव एका बाजूला तोंड करत नाहीत. शेजारी-शेजारी येणारे दोन रेणू उलटे राहणं पसंत करतात, एकाचं डोकं दुसऱ्याच्या शेपटीपाशी. पुरावा पुन्हा परावैद्युतांकात होता. चार-पाच डिबायच्या हिशेबानं तो जितका यायला हवा त्यापेक्षा कमी येतो, आणि द्रवस्फटिक तापून साधा द्रव होतो त्या क्षणी सरासरी आकडा किंचित वाढतो. क्रम मोडल्यावर एरवी काहीतरी हरवतं. इथे उलट्या जोड्या थोड्या सैल झाल्या आणि दडलेले बाण जरासे मोकळे झाले. पुढे क्ष-किरणांच्या प्रयोगांतही तेच दिसलं. एकमेकांवर अर्धवट सरकलेल्या उलट्या जोडीची लांबी एका रेणूच्या सुमारे १.४ पट भरली.

बुटांच्या खोक्यात दोन बूट कसे ठेवतात ते आठवा. एकाची टाच दुसऱ्याच्या चवड्याशी. रेशमातल्या माळा तशाच, आणि एसपी रोडवरच्या पडद्यातले रेणूही. मधे पाच-सात मिनिटांची चाल आहे, एवढंच.

मग पडद्यावर आकडा कसा उमटतो? काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये हे रेणू थराथरानं ९० अंश वळत जातील असे बसवलेले असतात, आणि त्यांच्यातून जाणारा प्रकाशही वळतो. पुढे-मागे ध्रुवक फिल्म असते. प्रकाश वळला तर पार होतो, नाही वळला तर अडतो. आकड्याच्या एखाद्या दांडीवर दोन-तीन व्होल्टचा दाब दिला की तिथले रेणू आडवे न राहता विजेच्या दिशेनं उभे राहतात. प्रकाश वळायचा थांबतो, दांडी काळी दिसते. इथे बाण वर आहे की खाली, याला महत्त्व नाही. तसे निम्मे वर, निम्मे खाली असतातच. महत्त्व आहे रेणू उभा राहण्याला. म्हणून पडद्याला सारखी उलटसुलट होणारी वीज देता येते, आणि देतातही, कारण एकाच दिशेची वीज दिली तर आतली अशुद्धी एका काचेकडे साठून पडदा लवकर मरतो.

संध्याकाळी आम्ही बस्त्याचा हिशेब करायला परत त्याच गादीवर. साड्यांच्या घड्या एकमेकींवर रचून झाल्या होत्या. गृहस्थांनी कॅल्क्युलेटर काढला, बोटं चालवली आणि तो उचलून मावशीसमोर धरला. बाहेरून येताना तिनं माझा ध्रुवक काचांचा गॉगल घातला होता, तो अजून डोळ्यांवरच होता. तिनं नीट पाहण्यासाठी कॅल्क्युलेटर हातात घेऊन जरा तिरका केला. आकडा नाहीसा झाला.

“दिसत नाही काही,” मावशी म्हणाली. “असाच ठेवा. बिल काय करायचं ते मी सांगते.”